चालत दहा मिनिटांवर कोण राहतं?

पाणीखात्यात मीटरताईंना खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. पगाराच्या चिठ्ठीवर ते नाव छापून यायचं, तेवढंच. सव्वीस वर्षं त्यांनी घरोघर फिरून पाण्याचे मीटर वाचले होते. जिन्याखालचे मीटर, कुंड्यांमागचे मीटर, कुत्र्याच्या साखळीच्या बरोब्बर टप्प्यात बसवलेले मीटर. कुठल्या घराची बेल बिघडलीय, कुठल्या म्हातारबुवांना दारापर्यंत यायला चार मिनिटं लागतात, कुठल्या बाई आकडा ऐकला की आधी भांडतात आणि मग बसायला खुर्ची देतात, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं.

मग गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी सांगितलं, जिने बंद. खात्याने त्यांना उचलून नकाशा विभागात बसवलं, आणि तो विभाग होता दुसऱ्या मजल्यावर.

"म्हणजे जिने बंद करण्यासाठी रोज जिना चढायचा," त्यांचा नवरा म्हणाला. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, बोलायचा कमी, पण नेमकं बोलायचा.

नकाशा विभाग म्हणजे दोन खोल्या, चार कॉम्प्युटर आणि जुन्या कागदी नकाशांच्या गुंडाळ्यांनी ठासून भरलेलं एक कपाट. जमिनीखालचे पाइप कागदावरून कॉम्प्युटरवर आणायचे, हे तिथलं काम. पडद्यावर सगळ्यात खाली आकाशातून काढलेला शहराचा फोटो, त्यावर रस्त्यांचा थर, त्यावर घरांचा, त्यावर पाइपांचा. एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखं. हवा तो थर दाखवायचा, नको तो लपवायचा. पहिल्या आठवड्यात माउस काही मीटरताईंचं ऐकेना. आठव्या दिवशी मात्र त्या पडद्याकडे बघून एकदम म्हणाल्या, "हा पाइप यांच्या स्वयंपाकघरातून कसा गेला? तो तर मागच्या अंगणातून जातो, कपडे वाळत घालायच्या तारेखालून."

तरुण इंजिनिअर जागेवर जाऊन बघून आला. पाइप तारेखालूनच जात होता. वर्षभरात मीटरताईंनी अशा नऊशेवर चुका काढल्या, आणि चहा आला की पहिला कप त्यांच्या टेबलावर ठेवायची पद्धत पडून गेली.

विद्यापीठातली तरुण प्राध्यापिका त्या विभागात आली ती एक पत्र घेऊन. तिला रस्त्यांचा आणि घरांचा थर हवा होता. विभागप्रमुख साहेबांनी पत्र तीनदा वाचलं आणि आपला नेहमीचा प्रश्न विचारला, "हे आपल्या कक्षेत येतं का?" वरच्या ऑफिसची सही होती, म्हणजे येत होतं. साहेबांनी तिला मीटरताईंच्या शेजारची खुर्ची दिली. दोन दिवसांत तिचं नाव 'नकाशावाली' पडलं.

"तुम्ही नेमकं शोधताय काय?" मीटरताईंनी तिसऱ्या दिवशी विचारलं.

"कोण कोणाच्या शेजारी राहतं ते."

"एवढंच? मला विचारा की."

नकाशावाली हसली. पण प्रश्न वाटतो तितका साधा नव्हता. शहरात घरोघरी दोन भाषा होत्या. एक जुन्या गावाची. दुसरी धरणाकडच्यांची. साठ वर्षांपूर्वी डोंगरात धरण बांधलं, खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली आणि तिथली माणसं इथे आणून वसवली. त्यांची नातवंडं आता इथेच जन्मलेली, शाळेत जुन्या गावाची भाषा घोटलेली, घरात मात्र आजीची भाषा बोलणारी. भांडणतंटा असा काही नव्हता. 'ते लोक' आणि 'आपली माणसं' असं दोन्हीकडून बोललं जायचं, एवढंच. मीटरताई स्वतः धरणाकडच्या. जुन्या गावातल्या घड्याळवाल्याशी त्यांनी लग्न केलं तेव्हा दोन्ही घरांत बराच गहजब झाला होता. पुढे पोरीबाळी झाल्या आणि सगळे गप्प बसले.

"समजा," नकाशावालीने कागद पुढे ओढला, "अख्ख्या शहरात शंभरात चाळीस माणसं धरणाकडची आहेत. मग प्रत्येक भागातही शंभरात चाळीसच असायला हवीत. तशी नसतील, तर धरणाकडच्या शंभरांतल्या किती जणांनी बिऱ्हाड हलवलं की सगळीकडे सारखी मिसळ होईल? तो माझा आकडा. शून्य म्हणजे पूर्ण मिसळ. शंभर म्हणजे एकमेकांचं तोंड बघणंसुद्धा नाही."

"आणि बिऱ्हाड हलवायचं कोणी?"

"कोणीच नाही. नुसतं मोजायचं."

"मग ठीक आहे. आम्हाला एकदा हलवलंय तेवढं पुरे."

मीटरताईंनी खुर्ची आणखी जवळ ओढली. त्यांना आता हे सगळं बघायचंच होतं.

जनगणनेच्या ऑफिसातून गल्लीवार आकडे आले होते. घरं वेगवेगळी दिसत नव्हती, तीस-चाळीस घरांची एकेक चौकट आणि त्या चौकटीत कुठली भाषा किती माणसांची. जुन्या गावाची भाषा निळी, धरणाकडची पिवळी. नकाशावालीने बटण दाबलं आणि शहरावर रंग चढला. मीटरताईंनी कुणीही पहिल्यांदा जे शोधतं तेच शोधलं, आपलं घर. त्यांची चौकट गडद निळी होती. त्यावर टिचकी मारली तर आकडे उघडले. घरं चौतीस. धरणाकडच्या भाषेची माणसं, शून्य.

"शून्य कसं? मी आहे की!"

"फॉर्म कोणी भरला होता?"

मीटरताईंनी आठवून बघितलं. मोजणीला आलेल्या शिक्षिका नवऱ्याच्या दुकानात बसल्या होत्या. घरात बोलली जाणारी भाषा, या रकान्यात एकाच शब्दाची जागा होती.

"मी संध्याकाळी माझ्या मुलींना माझ्याच भाषेत रागावते," त्या म्हणाल्या. "लाडसुद्धा त्याच भाषेत करते. ते कुठे गेलं?"

"ते यात नाही आलं," नकाशावाली म्हणाली आणि तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

नवऱ्याला त्यांनी घरी गेल्यावर विचारलं. तो ओशाळला. "माझ्या डोक्यातच आलं नाही गं," तो म्हणाला, आणि नंतर बराच वेळ भिंगातून एका घड्याळाकडे बघत राहिला, पण हात काही चालत नव्हते.

पंधरा दिवसांनी नकाशावाली खुशीत आली. तिला तिच्या पुस्तकाचं एक प्रकरण सापडलं होतं. "नऊ नंबरचा प्रभाग बघा! शंभरात एक्केचाळीस. शहराच्या सरासरीइतकाच. एवढा मिसळलेला प्रभाग दुसरा नाही. इथे काय बरोबर घडलं, ते मला शोधायचंय."

मीटरताई खो-खो हसल्या. नऊ नंबर म्हणजे त्यांचं माहेर. आणि तिथेच, कॉलनीत, त्यांची थोरली जाऊही राहायची; मीटरताईंचं स्वतःचं घर त्या कॉलनीला लागूनच होतं.

"मॅडम, मिसळ कुठली? वरच्या अंगाला कॉलनी, खालच्या अंगाला चाळींच्या रांगा. कॉलनी सगळी निळी, रांगा सगळ्या पिवळ्या. तुम्ही दोन्हींची बेरीज करून भाग दिलात."

नकाशावालीचा चेहरा पडला, पण ती हटणारी नव्हती. "प्रभागाची हद्द चुकवते, हे मान्य. म्हणून मी दुसरी रीतही लावली. प्रत्येक घराभोवती पाचशे मीटरचं वर्तुळ काढायचं आणि त्यात कोण राहतं ते मोजायचं. तरीसुद्धा हलवायच्या बिऱ्हाडांचा माझा आकडा येतो फक्त एकोणीस. कॉलनीचं शेवटचं घर आणि रांगेतलं पहिलं घर यांच्यात चाळीस मीटरच तर आहेत."

"पाखराला," मीटरताई म्हणाल्या. "चला, दाखवते."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी निघाल्या. हातात खात्याचं जागा नोंदवणारं यंत्र, टीव्हीच्या रिमोटएवढं. कॉलनीतले रस्ते सरळ, प्रत्येक फाटकाला रंग दिलेला, मीटर सगळे डोळ्यांच्या उंचीवर. शेवटच्या गल्लीच्या टोकाला पुरुषभर उंचीची भिंत होती आणि भिंतीत एक लोखंडी दार, जेमतेम एक माणूस जाईल एवढं. दाराला कुलूप. मीटरताईंनी पर्स उघडली, जुडगा काढला, न बघता त्यातली एक किल्ली निवडली, कुलूप काढलं आणि म्हणाल्या, "या, डोकं सांभाळा."

पलीकडे एकदम दुसरी गजबज. ओळीने दारं, दारांसमोर खुर्च्या, खुर्च्यांवर माणसं, रेडिओ, शिवणयंत्राचा आवाज.

नकाशावाली दारातच थांबली होती. "ही किल्ली तुमच्याकडे कशी?"

"खात्याची आहे. इथे भिंतीलगत मोठा पाइप जातो, त्याचा व्हॉल्व्ह आहे. एक किल्ली व्हॉल्व्हवाल्याकडे, एक मीटरवाल्यांकडे. माझ्याकडेच राहिली."

"आणि इथे राहणाऱ्यांकडे?"

मीटरताईंनी हातातल्या किल्लीकडे बघितलं. वर्षानुवर्षं त्या दर महिन्याला या दारातून गेल्या होत्या. आधी कॉलनीतले मीटर, मग दार, मग रांगांतले मीटर, मग वहिनीकडे चहा. त्यांच्या लेखी नऊ नंबर हा एक सलग भाग होता. दार बंद असतं, हे त्यांना माहीत होतं. पण ते आपल्यासाठी बंद नाही, एवढंच त्यांच्या पायांना ठाऊक होतं.

"चालत फिरून किती वेळ लागतो ते बघू," नकाशावाली हळूच म्हणाली.

त्यांनी दार लावलं, रांगांच्या बाजूने निघाल्या आणि वळसा घालून कॉलनीच्या त्याच टोकाला पोचायचं ठरवलं. रांगा संपल्या, गोदामांची लांबलचक पाठभिंत लागली, मग मोठ्या रस्त्याचा पूल, पुलाखालून उलट दिशेला, मग सिग्नल. मीटरताई दोनदा थांबल्या, एकदा गुडघ्यासाठी आणि एकदा श्वासासाठी. दाराच्या दुसऱ्या बाजूला पोचल्या तेव्हा यंत्राने दोन हजार सातशे मीटर आणि एक्केचाळीस मिनिटं दाखवली. पालिकेचा दवाखाना तिथून पाच मिनिटांवर होता. बसथांबाही.

परत जाताना मीटरताईंनी कुलूप उघडलं ते चोरासारखं.

वहिनी दारातच बसली होती. मीटरताईंचा थोरला भाऊ चार वर्षांपूर्वी वारला. तेव्हापासून वहिनी लेकीसोबत राहायची. "आज या वेळी कशी काय?" तिने विचारलं आणि पाहुणीला बघून आत पाणी आणायला गेली. चहा झाला. मग मीटरताईंनी मनात किती वर्षं ठेवलेला प्रश्न विचारून टाकला.

"वहिनी, तू माझ्याकडे का येत नाहीस गं? लग्नाला आलीस, बारशाला आलीस, एरवी कधीच नाही. जाऊबाईंच्या गच्चीतून तुझं घर दिसतं, त्यांच्याकडेही कधी फिरकली नाहीस. मला वाटायचं तुला आमच्या घरचं आवडत नाही."

वहिनीने कपबश्या एकात एक ठेवल्या. "यायचं कसं? वळसा घालून? तुझ्या भावाला दवाखान्यात न्यायचो ना, तेव्हा जाऊन येऊन त्याचा अर्धा जीव जायचा. भिंतीपलीकडे दवाखाना, आणि आम्ही पुलाखालून जायचो."

मीटरताई पुढे सरकल्या. "मला सांगायचंस! मी किल्ली दिली नसती का?"

"दिली असतीस. म्हणून तर मागितली नाही." वहिनी शांतपणे म्हणाली. "रांगेत दोनशे घरं. सगळ्यांच्या घरात म्हातारी माणसं. त्यातून एका घराला किल्ली, कारण नणंद खात्यात आहे. मग शेजाऱ्यांना तोंड कसं दाखवायचं?"

मग वहिनी नकाशावालीला म्हणाली, "पूर्वी असं नव्हतं. दार उघडंच असायचं. आमच्या मुली कॉलनीतल्या मुलींबरोबर शाळेत जायच्या. एके दिवशी कुलूप लागलं. कोणी लावलं, का लावलं, देव जाणे."

त्या आठवड्यात मीटरताई फक्त कामाचंच बोलल्या. नकाशावाली रस्त्यांच्या थरावर झटत होती, वर्तुळाऐवजी चालायचं अंतर कसं घालायचं याच्या खटपटीत. सोमवारी मीटरताई तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"पाणी वर्तुळात जात नाही," त्या म्हणाल्या. "ते पाइपातूनच जातं. आमच्याकडे त्याचं साधन आहे. एक व्हॉल्व्ह बंद केला की कुठल्या कुठल्या घरांचं पाणी तुटेल, ते पडद्यावर दिसतं. गल्ल्यांना पाइप समजा, माणसांना पाणी. आणि ते दार म्हणजे बंद व्हॉल्व्ह."

नकाशावालीने खुर्ची गर्रकन फिरवली. "हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"आधी मला तरी कुठे सुचलं होतं!"

चार दिवस लागले. प्रत्येक घरापासून दहा मिनिटं चाललं तर कुठवर पोचता येतं, ते कॉम्प्युटरने गल्लीगल्लीतून रंग सोडत शोधलं. रंग वळणावर वळायचा, चौकात फुटायचा आणि भिंतीशी येऊन थबकायचा. कॉलनीतल्या घरांचा रंग कॉलनीतच फिरत राहिला, रांगांमधल्या घरांचा रांगांत. आकडा आला चौसष्ट. वर्तुळाने एकोणीस सांगितलेला तोच प्रभाग, तीच माणसं.

"आता दार उघडा," मीटरताई म्हणाल्या.

नकाशावालीने त्या एका ठिपक्यावर टिचकी मारून 'बंद'चं 'उघडं' केलं. पुन्हा रंग सुटला, आणि या वेळी दोन्हीकडचा रंग त्या चिंचोळ्या जागेतून पलीकडे सांडला. तेहतीस. एकही बिऱ्हाड हललं नव्हतं. मग मीटरताईंनी पुन्हा बंद करायला लावलं, पुन्हा उघडायला लावलं. चौसष्ट, तेहतीस. असं त्यांनी पाच-सहा वेळा केलं असेल.

नवऱ्याने हे सगळं दुकानात बसून ऐकलं. "कुलूप लावायचा कागद असेलच," तो म्हणाला. "तुमच्या खात्यात कागदाशिवाय कोणी खिळा ठोकत नाही."

कागद कपाटातल्या गुंडाळ्यांमागे, एका फायलीत निघाला. दोनच ओळी. कोणीतरी वारंवार व्हॉल्व्ह फिरवत असल्याने, दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत दारास कुलूप लावण्यात यावे. खाली तारीख, एकोणीस वर्षांपूर्वीची. त्याच फायलीत पुढच्या महिन्याची नोंद होती, दुरुस्ती पूर्ण. म्हणजे ते दार बंद ठेवायचं असं कुणीच कधी ठरवलं नव्हतं. उघडायचं तेवढं राहून गेलं होतं.

मीटरताई फाईल घेऊन साहेबांकडे गेल्या. साहेबांच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं आणि ते त्यांना सुखाने काढायचं होतं.

"माणसं कुठून ये-जा करतात, हे आपल्या कक्षेत येतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही साहेब. पण कुलूप येतं."

साहेबांनी कागद पुन्हा वाचला. मागेपुढे करून बघितला. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक सुटका झाल्यासारखं हसू आलं. "यात नवीन काही ठरवायचंच नाही की! मुदत संपलीय." त्यांनी एका ओळीचा आदेश लिहिला. व्हॉल्व्हला लोखंडी पेटी बसवावी, दाराचं कुलूप काढावं.

कुलूप निघालं त्या दिवशी काही समारंभ झाला नाही. व्हॉल्व्हवाला आला, पेटी बसवली, कुलूप पिशवीत टाकलं, गेला. रांगांमधली माणसं दुपारपर्यंत दाराकडे नुसती लांबूनच बघत होती. शेवटी एक म्हातारी नर्सबाई, दवाखान्यातूनच निवृत्त झालेली, काठी टेकत आरपार गेली आणि पलीकडून ओरडली, "अगं, खरंच उघडं आहे!"

तिसऱ्या दिवशी कॉलनीच्या समितीने स्वतःचं कुलूप लावलं. आणि मीटरताईंच्या थोरल्या जावेचा फोन आला.

"हे तुझं काम ना?"

"खात्याचं काम, जाऊबाई."

"आम्हाला विचारायचंस तरी! इथे गाड्या उभ्या असतात, मुलं खेळतात. कोण येतं, कोण जातं, काही धरबंध राहील का?"

"कोण येणार? माझी वहिनी येणार. तुम्ही तिला ओळखता."

"एकटी तीच येणार आहे का?" जाऊबाईंनी फोन ठेवला. त्यानंतर पाच महिने त्यांनी मीटरताईंशी बोलणं टाकलं. घरातल्या कार्याला आल्या, दिराशी बोलल्या, मुलींशी बोलल्या, मीटरताईंकडे पाठ. मीटरताईंना ते लागलं. जाऊबाई वाईट नव्हत्या. पहिल्या बाळंतपणात त्यांनीच मीटरताईंचं सगळं केलं होतं.

साहेब आता कानावर हात ठेवतील, असं सगळ्यांना वाटलं होतं. झालं उलटंच. समितीचं कुलूप लागल्याचं कळताच ते खुर्चीतून उठले. "माझ्या खात्याच्या दाराला कुलूप लावणारे हे कोण?" माणसांच्या ये-जा करण्यावरून जो माणूस हलला नव्हता, तो दाराच्या मालकीवरून पेटला. स्वतः जागेवर गेले, हातात तो एकोणीस वर्षांपूर्वीचा कागद. समितीच्या अध्यक्षांना त्यांनी एवढंच विचारलं, "हे दार तुमच्या कक्षेत येतं का?" तास-दीड तास बोलाचाली झाली. शेवटी ठरलं ते असं. दार सकाळी सहा ते रात्री नऊ उघडं. गाड्यांची जागा आखून द्यायची. गल्लीत दिवा लावायचा. दिव्याचं ऐकून समितीतल्या दोन बायका आपण होऊन तयार झाल्या, त्या टोकाला अंधार असतो ही त्यांची जुनीच तक्रार होती.

आकडा तेहतीस झाला असं नकाशावालीने आपल्या वहीत लिहिलं नाही. "दार उघडलं म्हणजे माणसं जातीलच असं नाही," ती म्हणाली. "कॉम्प्युटरला फक्त रस्ता कळतो."

"मग मोजू," मीटरताई म्हणाल्या. त्यांनी तीन दिवसांची रजा टाकली, घरून घडीची खुर्ची नेली आणि दाराशी बसल्या. हातात टकटक करणारं मोजयंत्र. परतीची माणसं सोडून, पहिल्या दिवशी रांगांकडून कॉलनीकडे दोनशे सहा माणसं गेली, दवाखाना आणि बसथांबा. कॉलनीकडून रांगांकडे अकरा. त्यातही चार जण कपडे शिवायला टाकणारे, आणि एक जण रस्ता चुकलेला. मीटरताईंना वाईट वाटलं, पण त्यांनी अकरा म्हणजे अकराच लिहिले. दोन महिन्यांनी पुन्हा बसल्या तेव्हा तीनशेवर रांगांकडून आणि त्रेचाळीस कॉलनीकडून. शिवणयंत्रवालीने दोन बायका कामाला ठेवल्या होत्या. कॉलनीतल्या शाळकरी मुली पलीकडच्या शिकवणीला येत होत्या, कारण तिथल्या मास्तरीणबाई गणित सोपं करून सांगायच्या. सहा महिन्यांनी कॉलनीकडून एकसष्ट. त्यांत एक जाऊबाई होत्या.

त्या मीटरताईंना बघून जरा अडखळल्या. हातात ब्लाउजच्या कापडाची पिशवी.

"मलाही मोजलंस?" त्यांनी विचारलं.

"मोजलं. एकसष्टाव्या."

"परत येताना पुन्हा मोजशील?"

"नाही. परतीचं मीटर मी वाचत नाही."

जाऊबाई हसल्या नाहीत, पण थांबल्या. मग म्हणाल्या, "उन्हात बसू नकोस अशी. गुडघे आहेत ना तुझे." आणि दारातून वाकून पलीकडे गेल्या.

वहिनी मात्र पहिल्याच आठवड्यात आली होती. मीटरताईंच्या घरी, काही निमित्त नसताना. मुलींशी आपल्या भाषेत बोलली, घड्याळवाल्याला तिने बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ आणून दिलं, आणि दोन तास बसून गेली. तिला पोचवायला मीटरताई भिंतीतल्या दारापर्यंत गेल्या नाहीत. गरजच नव्हती.

नकाशावालीचं पुस्तक पुढच्या वर्षी आलं. नऊ नंबरचं प्रकरण त्यात होतंच, फक्त मिसळलेला प्रभाग म्हणून नव्हतं. कसं मोजलं त्यावर आकडा कसा बदलतो, आणि रकान्यात एकाच शब्दाची जागा असली की कोण कोण गळतं, हे तिने सविस्तर लिहिलं होतं. सुरुवातीला आभारांत मीटरताईंचं खरं नाव होतं. ऑफिसात ते वाचून तरुण इंजिनिअरने विचारलं, "ह्या कोण?"

मीटरताई निवृत्त झाल्या त्या वर्षी. खात्याने शाल दिली, साहेबांनी भाषण केलं, ते त्यांच्या कक्षेत येत होतं. पण घरी बसणं काही जमेना. नकाशावालीने सगळ्या शहराचा चालत-दहा-मिनिटांचा नकाशा काढला होता आणि तिच्या पडद्यावर अशा बावीस जागा दिसत होत्या, जिथे वर्तुळाचा आकडा एक सांगायचा आणि चालायच्या अंतराचा भलताच. बावीस जागा, प्रत्येकीचं कारण वेगळं असणार. रूळ, नाला, कारखान्याची भिंत, की नुसती सवय, ते पडद्यावरून कळत नव्हतं.

एका गुरुवारी सकाळी दोघी चार नंबरच्या प्रभागात गेल्या. नकाशावर तिथे रुंद नाला होता आणि नाल्यावर पूल काढलेला होता. प्रत्यक्षात पुलाचे दोन खांब होते आणि मध्ये काहीच नव्हतं. नकाशावाली यंत्रात खूण करत राहिली. मीटरताई काठावर कपडे धुणाऱ्या एका बाईपाशी गेल्या, शेजारच्या दगडावर हळूच टेकल्या आणि गुडघा चोळत म्हणाल्या, "काय हो, पलीकडे कोण राहतं?"

बाईने पिळलेलं कापड झटकलं, पलीकडच्या दारांकडे एकदा नीट बघितलं आणि म्हणाली, "रोज दिसतात. विचारलं नाही कधी."

"त्यांनी तुम्हाला विचारलं?"

"नाही बाई." ती हसली. "तुम्ही का विचारताय?"

मीटरताईंनी पदर खोचला आणि सांगायला सुरुवात केली.